गच्ची कोणाची, ऊन कोणाचं?

लालबागमध्ये आजही गॅस कंपनी गल्ली आहे. गल्लीचं नाव पत्त्यांत टिकलं, कंपनी मात्र विस्मरणात गेली. ती बॉम्बे गॅस कंपनी. बंद भट्टीत दगडी कोळसा तापवायचा, त्यातून निघणारा वायू धुऊन-गाळून नळांतून शहरात सोडायचा, हा तिचा उद्योग. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्यांदा गॅसचे दिवे लागले, ते अशाच कोळसावायूवर. या वायूत आकारमानाने जवळजवळ निम्मा हायड्रोजन असतो. ज्याला आज आपण उद्याचं इंधन म्हणतो, तो हायड्रोजन दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या जमिनीखालून वाहत होता. फक्त तो कोळशातून आलेला होता आणि त्याच्या मागे धूर होता.

त्याच भागाची दुसरी गोष्ट १९१५ सालची. तोवर परळ-लालबागच्या कापडगिरण्या वाफेवर चालत आणि त्यांच्या चिमण्या दिवसभर कोळशाचा धूर ओकत. लोणावळ्याच्या परिसरात टाटांनी तलाव बांधले, त्यांतलं पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून खोपोलीला उतरवलं आणि तिथं तयार झालेली वीज तारांवरून परळला आणली. या विजेची पहिली मोठी गिऱ्हाइकं म्हणजे गिरण्याच. पावसाने भरलेल्या सह्याद्रीने गिरणगावाचे माग फिरवले. स्वच्छ ऊर्जा हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हतं, पण गोष्ट तीच होती.

या दोन गोष्टी मनात ठेवून आता आजचा प्रश्न विचारू. विकसनशील देशातल्या साध्या कुटुंबाला स्वतःच्या छपरावरच्या उन्हातून वीज आणि त्या विजेतून हरित हायड्रोजन मिळवून घर चालवता येईल का? प्रश्न ढाक्याचा आहे, लागोसचा आहे, कराचीचाही आहे. आपण त्याचं उत्तर गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या गच्च्यांवर जाऊन शोधू. कारण विकसनशील जगातली माणसं झपाट्याने शहरांत येत आहेत, आणि दाट शहरात हा हिशेब जमला तर तो कुठंही जमेल.

उन्हाचा जमाखर्च

आधी साधं गणित. एक किलोवॅटच्या सौर पॅनेलांना सुमारे शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. आपल्याकडे वर्षाची सरासरी काढली तर एवढी पॅनेलं दिवसाला चारेक युनिट वीज देतात, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट. पॅनेलं साधारण पंचवीस वर्षं चालतात, आणि २०१० नंतर त्यांच्या किमती नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरल्या आहेत. ज्याच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे, त्याच्यासाठी घरगुती सौरवीज आज स्वप्नातली गोष्ट राहिलेली नाही.

मुंबईला ऊनही कमी नाही. शहर १९ अंश अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो. अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेलं असतं आणि जुलैत पॅनेलांचं उत्पादन निम्म्याच्याही खाली येऊ शकतं. समुद्राची खारी हवा लोखंडी सांगाडा खाते. पुनर्विकासाच्या बांधकामांची धूळ काचेवर बसते, आणि दादरसारख्या भागात कबुतरांची विष्ठा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा मुंबईत वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता. इथल्या गच्चीवरचा सांगाडा तेवढा वारा पेलेल असाच हवा. पण ढग सोडले तर बाकीच्या अडचणींवर इलाज आहे. चांगला गंजरोधक सांगाडा, पक्के बोल्ट आणि आठवड्याला एकदा पाण्याचा पाइप मारला की निम्मं काम झालं.

आयआयटी मुंबई आणि सहकारी संस्थांनी २०१६ मध्ये बृहन्मुंबईच्या छपरांचा अभ्यास करून शहराची सौर क्षमता सुमारे १,७२० मेगावॅट काढली होती. उन्हाळ्यात मुंबईची विजेची कमाल मागणी चार हजार मेगावॅटच्या वर जाते. सगळी योग्य छपरं पॅनेलांनी झाकली तरी भर दुपारी शहराची थोडी गरज भागेल, सगळी नाही. तरीही हा आकडा छोटा म्हणता येणार नाही. खरा प्रश्न तो कोणाकोणात वाटला जाणार, हा आहे.

एका चाळीचा हिशेब

बीडीडी चाळी आपल्या ओळखीच्या. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला त्या उभ्या केल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, आणि वर सपाट काँक्रीटची गच्ची. गिरणगावच्या कित्येक पिढ्या या गच्चीवर झोपल्या, पापड-कुरडया वाळवल्या, पतंग उडवले.

आता त्या गच्चीचा हिशेब करू. मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे ३,२०० चौरस फूट. व्हरांडा आणि संडास धरून गच्ची चार हजार चौरस फुटांची समजू. पाण्याच्या टाक्या, जिन्याची खोली, त्यांच्या सावल्या आणि येण्या-जाण्याची वाट सोडली तर निम्मी जागा हाती लागेल. दोन हजार चौरस फुटांवर २० किलोवॅट बसतील आणि त्यांतून दिवसाला ८० युनिट निघतील. खोल्या ८०. म्हणजे एका कुटुंबाच्या वाट्याला दिवसाला एक युनिट.

एका युनिटात काय होतं? तीन एलईडी दिवे संध्याकाळभर, कमी विजेवर चालणारा एक पंखा रात्रभर, टीव्ही चार तास आणि घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलचं चार्जिंग. फ्रिज त्यात बसत नाही, एसीचा तर प्रश्नच नाही. म्हणजे गच्चीवरचं ऊन चाळीतल्या प्रत्येक घराला उजेड आणि वारा देऊ शकतं. हे थोडं नाही.

आता यांतल्या बहुतेक चाळी पाडून म्हाडा टॉवर बांधते आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळतं, स्वतःचा संडास मिळतो. हा न्याय शंभर वर्षं उशिरा मिळाला, आणि त्याचा आनंद मोठा आहे. पण उन्हाचा हिशेब बदलतो. चाळीस मजली इमारत, मजल्यावर आठ घरं, म्हणजे ३२० कुटुंबं असं समजू. गच्ची सहा हजार चौरस फुटांची धरली आणि निम्मी हाती आली, तर ३० किलोवॅट. दिवसाला १२० युनिट भागिले ३२०. एका घराच्या वाट्याला अर्ध्या युनिटाहूनही कमी. चाळीत ऊन घरोघर पुरत होतं. टॉवरमध्ये ते लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्याच उपयोगाला येईल.

टॉवर आणखी एक गोष्ट करतो. तो शेजाऱ्याचं ऊन अडवतो. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि शंभर मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा उत्तरेला ९० मीटरपर्यंत जाते. गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या उत्तरेला ज्या चाळी उरल्या, त्यांच्या गच्च्यांवरून ऊन असं हळूहळू उठून गेलं. घरगुती सौरऊर्जेची चर्चा पॅनेलच्या किमतीवर थांबते. दाट शहरात ती सावलीपासून सुरू व्हायला हवी.

छप्पर ज्याचं, त्याची वीज

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि तिसऱ्यासाठी १८ हजार, असं एका घराला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान. योजना चांगली आहे. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने त्याच वर्षी प्रत्येक घर सौरविजेवर आणलं आणि ते राज्याचं पहिलं सौरग्राम ठरलं. शंभराच्या आसपास उंबऱ्यांचं गाव, घर तिथं छप्पर, छप्पर तिथं ऊन.

पाटणचीच कितीतरी कुटुंबं लालबाग-परळला राहतात. गावच्या घरावर त्यांना पॅनेलं बसवता येतात. पण ते घर गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंद असतं. तिथली वीज महावितरणची, इथली बेस्टची. गावच्या छपरावर साठलेले युनिट लालबागच्या बिलात वजा होत नाहीत. माणूस दोन्हीकडचा, पण मीटर दोन वेगळ्या राज्यांत असल्यासारखे.

आणि मुंबईतलं छप्पर? गिरगावात खोताच्या वाडीतल्या कौलारू घरांना स्वतःचं छप्पर आहे, पण अशी घरं मोजकीच. बाकी वाड्यांत आणि चाळींत भाडेकरू पागडीने राहतात. खोली त्यांच्या ताब्यात, गच्ची मालकाची. मालकाला भाडं नाममात्र मिळतं, म्हणून तो दुरुस्तीला हात लावत नाही. भाडेकरूला गच्चीवर हक्क नाही, म्हणून तो पॅनेलचा अर्ज करू शकत नाही. शहरात उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती अजून तेरा हजारांवर आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणी आज पडतील की उद्या, याची वाट बघत उभ्या. पाच वर्षांत पाडली जाईल अशा इमारतीवर पंचवीस वर्षांचं यंत्र कोण बसवेल?

बिलाचंही तसंच. ज्याचा वापर महिन्याला शंभर युनिटांच्या आत आहे, तो सर्वांत स्वस्त दरात मोडतो. त्याची बचत थोडी होते आणि पॅनेलचे पैसे फिटायला वेळ लागतो. एसी लावणाऱ्याचं बिल वरच्या दराचं, त्यामुळे त्याचे पैसे चार-पाच वर्षांत वसूल. म्हणजे ज्याला गरज जास्त त्याला लाभ कमी, आणि अनुदान छप्पर असणाऱ्याकडेच जातं. हे विकसनशील जगातल्या प्रत्येक शहराचं दुखणं आहे.

औषध मात्र आहे. एका सामाईक छपरावरची वीज अनेक मीटरांत वाटून टाकण्याची सोय, म्हणजे आभासी नेट मीटरिंग. दिल्लीने २०१९ मध्येच त्याचे नियम केले. कुटुंबाचं स्वतःचं छप्पर नसलं तरी शाळेच्या, बाजाराच्या, रेल्वे कारखान्याच्या छपरावर त्याचा वाटा असू शकतो. परळचे आणि लोअर परळचे रेल्वे कारखाने, केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं, महापालिकेच्या शाळा आणि मंडया यांची छपरं मोठी आहेत आणि त्यांची मालकी स्पष्ट आहे. सहकारी सोसायट्यांनाही सूर्यघर योजनेत सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये मिळतात. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या, शिवाजी पार्कच्या तीन-चार मजली, सपाट गच्चीच्या इमारती यासाठी अगदी योग्य आहेत. तिथं सोसायटी आहे, गच्ची आहे, ऊन आहे. फक्त वार्षिक सभेत विषय मांडणारं कोणीतरी हवं.

ऊन दुपारचं, दिवा रात्रीचा

मार्च लागला की लालबागच्या मसाल्याच्या दुकानांबाहेर रांगा लागतात. बायका पिशव्यांतून भाजलेली मिरची, धणे, खोबरं घेऊन येतात, आपला नंबर लावतात आणि कांडप डोळ्यांसमोर करून घेतात. मिरचीचा खकाणा गल्लीभर पसरतो, जाणारा-येणारा शिंकतो. यंत्रं सकाळपासून संध्याकाळपर्यंत धडधडतात, आणि हंगाम मे संपेपर्यंत चालतो. सूर्याचा हंगामही हाच. दिवसाची वेळही तीच. सौरविजेला यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक मिळणार नाही, कारण इथं वीज साठवून ठेवावी लागत नाही. आली तशी वापरली.

सौरऊर्जेचं पहिलं शहाणपण हे की काम उन्हाच्या वेळी सरकवा. सोसायटीचा पंप दुपारी बारा वाजता चालवा. दहा हजार लिटर पाणी वीस मीटर वर चढवायला एखादंच युनिट लागतं आणि ते पाणी रात्रीपर्यंत टाकीत राहतं. गच्चीवरची टाकी ही न गंजणारी, न संपणारी साठवण आहे. रुग्णालयाची धुलाई, कार्यालयांचे एसी, कांडप, पिठाची गिरणी ही सगळी दुपारची कामं आहेत.

पण घर संध्याकाळी जागं होतं. माणसं लोकलने परततात, पंखे लागतात, तेव्हा पॅनेलं झोपलेली असतात. बेस्टच्या तारांना जोडलेली यंत्रणा दिवसा वीज देते, रात्री घेते, आणि महिन्याअखेर वजाबाकी होते. ही सोय मोठी, पण तिची मर्यादाही ओळखायला हवी. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयं जनरेटरवर गेली. अशा वेळी बॅटरी नसलेली सौर यंत्रणाही आपोआप बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तिची रचनाच तशी असते. डोक्यावर ऊन असतं, गच्चीवर पॅनेलं असतात, आणि घरात पंखा बंद.

म्हणून साठवण हवी. इथं हायड्रोजनचं नाव निघतं.

स्वयंपाकघरातला हायड्रोजन

पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. हे काम करणाऱ्या यंत्राला इलेक्ट्रोलायझर म्हणतात. वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल तर तो हायड्रोजन हरित. भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये त्याची व्याख्या ठरवली: एक किलो हायड्रोजनमागे दोन किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जाता कामा नये. नैसर्गिक वायूपासून काढला तर हाच आकडा नऊ-दहा किलोंवर जातो.

आता घराचा हिशेब. एक किलो हायड्रोजन तयार करायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या एका किलोत सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. फ्युएल सेलमधून तिची परत वीज केली तर सोळा-सतरा युनिट हाती येतात. म्हणजे दुपारी शंभर युनिट साठवले आणि रात्री तीसच परत मिळाले. लिथियम बॅटरी शंभरातले ८५ ते ९० परत देते. रात्रीच्या पंख्यासाठी हायड्रोजन साठवणं म्हणजे फुटक्या हंड्याने पाणी भरणं.

स्वयंपाकासाठी? १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट ऊर्जा असते. तेवढ्यासाठी साडेपाच किलोच्या आसपास हायड्रोजन लागेल, आणि तो बनवायला २९० युनिट वीज. आपल्या चाळीतल्या कुटुंबाचा महिन्याचा वाटा ३० युनिट. एक सिलिंडर भरायला त्याला जवळजवळ दहा महिने लागतील. तोच स्वयंपाक इंडक्शन शेगडीवर केला तर सव्वाशे युनिटांत होतो, कारण तिथं आच भांड्याबाहेर वाया जात नाही. वीज हातात असताना तिचा वायू करून जाळायचा, यात घरच्या बाईचा ना पैसा वाचतो ना वेळ.

जागेचाही प्रश्न आहे. साडेपाच किलो हायड्रोजन साध्या दाबाला ठेवायचा तर त्याला साठ घनमीटर जागा लागते, म्हणजे १६० चौरस फुटांच्या खोलीत मावणार नाही एवढी. अख्खी खोली वायूने भरली तरी पुरायची नाही. नाहीतर शेकडो पट दाबाची टाकी हवी. सुरक्षेचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. स्वयंपाकाचा नळगॅस हवेत ५ ते १५ टक्के मिसळला असेल तरच पेट घेतो. हायड्रोजन ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात पेटतो, अगदी बारीक ठिणगीनेही. त्याची ज्योत दिवसा डोळ्यांना दिसत नाही. मोकळ्या हवेत तो झटकन वर उडून जातो, हा त्याचा गुण. पण बंद, पोटमाळ्याच्या खोलीत तो छताखाली साचतो. चाळीत हे साहस करू नये.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. ब्रिटनमध्ये घरांना हायड्रोजन गॅस पुरवण्याचे व्हिटबी आणि रेडकारचे प्रयोग २०२३ मध्ये सुरू होण्याआधीच रद्द झाले. जपानमध्ये २००९ पासून लाखो घरांत छोटे फ्युएल सेल बसले आहेत, पण त्यांना लागणारा हायड्रोजन प्रामुख्याने नळगॅसमधूनच काढला जातो. आपल्याकडे सुरतजवळ कवास इथल्या एनटीपीसीच्या वसाहतीत जानेवारी २०२३ पासून नळगॅसमध्ये हरित हायड्रोजन मिसळतात. आरंभी पाच, पुढे आठ टक्के. प्रयोग म्हणून तो मोलाचा आहे. मात्र हायड्रोजनच्या घनमीटरात नैसर्गिक वायूच्या एक तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे आठ टक्के मिसळूनही ज्योतीतली जेमतेम अडीच टक्के ऊर्जा हरित होते.

सुफलाच्या गोणीत

मग हायड्रोजन निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. त्याचं घर वेगळं आहे, आणि ते लालबागपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. तुर्भे-चेंबूरला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना १९६०च्या दशकापासून खत बनवतो. सुफला आणि उज्ज्वला ही नावं शेतकऱ्याच्या घरात मुलांनाही पाठ असतात. या खताचा पाया अमोनिया, आणि अमोनियाचा पाया हायड्रोजन. एक टन अमोनियाला जवळजवळ १८० किलो हायड्रोजन लागतो, आणि तो आज नैसर्गिक वायूतून काढला जातो. शेजारी माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना इंधनातलं गंधक काढायला हायड्रोजन लागतोच. इथं त्याच्या जागी वीज किंवा बॅटरी चालत नाही, कारण इथं तो इंधन म्हणून जळत नाही. तो कच्चा माल आहे.

४ जानेवारी २०२३ रोजी केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांची राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली. उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं. त्याच वर्षी महाराष्ट्राने ८,५६२ कोटी रुपयांचं स्वतःचं धोरण आणलं. २०२५ मध्ये ओडिशातल्या पारादीपच्या खत कारखान्यासाठी झालेल्या लिलावात हरित अमोनियाचा दर किलोला ५५ रुपये ७५ पैसे निघाला, अपेक्षेपेक्षा बराच खाली. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून हायड्रोजन फ्युएल सेलवर धावणारी बस २०२२ मध्ये रस्त्यावर आणली. जड वाहनं, पोलाद, खत, जहाजं, ही हायड्रोजनची कामं. परदेशी नैसर्गिक वायूवरचं आपलं अवलंबन तिथं कमी झालं, तर पाटणच्या भातशेतीत पडणाऱ्या खतामागचा धूर थांबेल. लालबागच्या माणसाला हरित हायड्रोजन मिळेल तो असा, शेगडीतून नव्हे, गावच्या पिकातून.

साठवण डोंगरात

मग रात्रीच्या विजेचं काय? उत्तर पुन्हा सह्याद्रीत आहे. दुपारी स्वस्त सौरवीज वापरून खालचं पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज घ्यायची. शंभरातले पंचाहत्तर ते ऐंशी युनिट परत मिळतात. घाटघरला असं २५० मेगावॅटचं केंद्र २००८ पासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी आणखी दोन केंद्रांचा करार केला: शिरवट्याला १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॅट. शिरवटा म्हणजे ज्यांच्या पाण्याने १९१५ मध्ये परळचे माग फिरले, त्याच तलावांच्या कुळातलं नाव. शंभर वर्षांनी तेच डोंगर मुंबईची बॅटरी होऊ पाहत आहेत.

शेजारच्या बांगलादेशाने २००३ पासून पंधरा वर्षांत चाळीस लाखांहून जास्त घरांना छोटी सौर यंत्रं दिली. जिथं तार पोहोचली नव्हती, तिथं मुलं त्या उजेडात शिकली. पुढे तार आली तेव्हा बरीच यंत्रं अडगळीत गेली. धडा सरळ आहे. जिथं तार नाही तिथं घराचं पॅनेल म्हणजे जीवन. जिथं तार आहे तिथं पॅनेल, तार आणि डोंगरातली साठवण यांची सांगड घालावी लागते. मुंबईत तार १९०५ पासून आहे. आपल्याला घरोघरी छोटं वीजघर नको, सर्वांच्या छपरांवरचा वाटा हवा.

सभेत मांडायचा विषय

तेव्हा निकाल असा. घरगुती सौरवीज विकसनशील देशात नक्की परवडते. छप्पर स्वतःचं असेल तर आजच, सामाईक असेल तर एकत्र येऊन. हरित हायड्रोजन घरात परवडत नाही आणि तिथं त्याची गरजही नाही. कारखान्यात तो अत्यावश्यक आहे.

आणि ज्यांची चाळ किंवा सोसायटी आज पुनर्विकासाच्या करारावर सही करण्याच्या बेतात आहे, त्यांना एक विनंती. चटईक्षेत्र, भाडं, कॉर्पस यांच्या जोडीला चार ओळी गच्चीबद्दल लिहून घ्या. गच्चीचा हक्क सोसायटीचा राहील, बिल्डरचा नाही. पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली उत्तरेच्या बाजूला येतील, म्हणजे त्यांची सावली पॅनेलांवर पडणार नाही. सांगाडा बसवायचे नट-बोल्ट स्लॅब टाकतानाच बसवले जातील. गच्चीपासून मीटरच्या खोलीपर्यंत केबलसाठी एक रिकामा पाइप सोडला जाईल, आणि पॅनेलं धुवायला गच्चीवर एक नळ असेल. बांधताना याला फारसा खर्च येत नाही. इमारत उभी राहिल्यावर हेच काम तोडफोड करून करावं लागतं, आणि मग ते होतच नाही. करार एकदाच होतो. ऊन पुढची पंचवीस वर्षं रोज येणार आहे.